हिंसा-जोखीम मूल्यमापन, मनोरुग्ण कक्षातील

मनोरुग्ण कक्षात दाखल असलेली व्यक्ती नजीकच्या काळात इतरांवर हल्ला करण्याचा संभव किती, याचा पद्धतशीर अंदाज. नजीकचा काळ म्हणजे बहुधा पुढील चोवीस तास. रुग्णालयातून घरी गेल्यानंतरच्या धोक्यासाठीही वापरली जाणारी दीर्घ मुदतीची साधने (उदा., १९९५ मध्ये कॅनडात तयार झालेले एचसीआर-२०) या नोंदीच्या कक्षेबाहेरची आहेत.

पूर्वी हे काम अनुभवी डॉक्टरच्या अंदाजावर चाले. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जॉन मोनाहन यांनी १९८१ मध्ये त्या वेळच्या अभ्यासांचा आढावा घेतला. ‘धोकादायक’ ठरवलेल्या तिघांपैकी फार तर एकाबाबत तज्ज्ञांचे भाकीत खरे ठरते, असा त्यांचा निष्कर्ष होता. तो मुख्यतः अनेक वर्षांच्या मुदतीच्या भाकितांविषयी होता, हे पुष्कळदा विसरले जाते.

कक्षात सर्वाधिक परिचित असलेली ‘ब्रोसेट’ सूची नॉर्वेतील ट्रॉनहाइमची. तिचा आरंभ १९९५ चा मानावा की १९९८ चा, याबाबत दोन मते संभवतात. लिनाकर व बुश-इव्हर्सन यांनी अतिसुरक्षित कक्षातील परिचारिकांच्या दैनंदिन नोंदी चाळून हल्ल्याआधीच्या चोवीस तासांतील वर्तन टिपले आणि ते १९९५ मध्ये प्रसिद्ध केले. त्यातील वारंवार आढळलेल्या सहा लक्षणांची गुणांकित सूची रॉजर आल्मविक व फिल वुड्स यांनी १९९८ च्या सुमारास मांडली. निरीक्षणे पहिल्या जोडीची, साधन दुसऱ्या जोडीचे, असे म्हणणे अधिक सयुक्तिक वाटते. लक्षणे अशी : गोंधळलेपण, चिडचिड, दंगा (दार आपटणे, ओरडून बोलणे), शाब्दिक धमकी, शारीरिक धमकी (मूठ उगारणे, कपडे धरणे) आणि वस्तूंवर हल्ला. प्रत्येकास शून्य किंवा एक गुण. एक-दोन गुण म्हणजे मध्यम धोका. तीन वा अधिक झाल्यास तात्काळ उपाय योजावे लागतात. परिचित रुग्णाच्या बाबतीत नेहमीपेक्षा वाढलेले वर्तनच मोजायचे असते. एरवीही गोंधळलेल्या वृद्धाला त्याबद्दल रोज गुण देणे चूक. व्यवहारात नेमकी हीच अट निसटते.

२००० मध्ये प्रसिद्ध झालेल्या नॉर्वेतील चाचणीत सूचीची संवेदनशीलता (झालेल्या हल्ल्यांपैकी आधी ओळखलेल्यांचे प्रमाण) ६३ टक्के व विशिष्टता (हल्ला न झालेल्यांपैकी योग्यरीत्या वगळलेल्यांचे प्रमाण) ९२ टक्के आढळली. आकडे चांगले असले, तरी हल्ले विरळ असल्याने हिशेब बदलतो. समजा, १,००० नोंदींमागे १० हल्ले होतात; तर सूची सुमारे ६ आधी ओळखेल आणि जवळपास ७९ वेळा विनाकारण इशारा देईल. म्हणून उच्च गुणांना भाकीत न मानता, रुग्णाशी जाऊन बोलण्याची, गोंगाट कमी करण्याची सूचना मानणे श्रेयस्कर. स्वित्झर्लंडमधील तीव्र मनोविकारांच्या १४ कक्षांत झालेली यादृच्छिक चाचणी (कोणत्या कक्षाने सूची वापरावी हे चिठ्ठीसारखे ठरवून; २००८) याच मताला पुष्टी देते : सूची वापरणाऱ्या कक्षांत गंभीर हल्ले ४१ टक्क्यांनी घटले आणि सक्तीचे उपायही कमी झाले.

ऑस्ट्रेलियातील ओग्लॉफ व डॅफर्न यांची सात मुद्द्यांची ‘डासा’ श्रेणी (२००६) याच जातीची. तीत मागणी नाकारल्यावर येणारा राग स्वतंत्रपणे मोजतात. ब्रिटनमधील ‘नाइस’ या उपचारविषयक मार्गदर्शन करणाऱ्या संस्थेच्या २०१५ च्या मार्गदर्शिकेत दोन्ही साधनांचा उल्लेख आहे.

भारतात मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, २०१७ मधील कलम ९७ नुसार रुग्णास एकांतात कोंडण्यास मनाई आहे. नजीकची व तात्काळ इजा टाळण्याचा दुसरा मार्ग नसेल, तरच प्रभारी मनोविकारतज्ज्ञाच्या संमतीने शारीरिक बंधन घालता येते, आणि चोवीस तासांत नामनिर्देशित प्रतिनिधीस (रुग्णाच्या वतीने नेमलेल्या व्यक्तीस) कळवावे लागते. इजा ‘नजीकची’ होती हे कशावरून ठरवले, याची लेखी नोंद ठेवण्यास पाळीगणिक भरलेली सूची उपयोगी पडते.