धूर चांगला, तरी पीयूसी फेल

ताईचा पोरगा लातूरला असतो, त्यानं मागच्या वर्षी सेकंडहँड गाडी घेतली, २०१८ ची पेट्रोल, चार सिलिंडर, बीएस-४ (हा सरकारचा प्रदूषणाचा दर्जा, बीएस-६ त्याच्या नंतरचा). महिना झाला नाही तोच सायलेन्सर बदलून आणला. फ्री-फ्लो म्हणे, म्हणजे धूर मोकळा बाहेर सोडणारा. मला फोनवर ऐकवायला लागला, "मामा, आवाज बघा कसा वाजायलाय." मी म्हणलं बाबा फोनवर सगळ्याच गाड्या ट्रॅक्टरसारख्या वाजतात. मग दिवाळीला तो इकडं संभाजीनगरला आला, पीयूसी संपलेली होती म्हणून आम्ही दोघं ती काढायला गेलो, आणि गाडी फेल.

आता गंमत बघा. कागदावर सीओ, म्हणजे कार्बन मोनॉक्साईड, ०.०४ टक्के. बीएस-४ आणि बीएस-६ च्या पेट्रोल कारला आयडलिंगवर, म्हणजे जागेवर नुसती चालू ठेवल्यावर, ०.३ टक्क्यांपर्यंत चालतं. हायड्रोकार्बन, म्हणजे पूर्ण न जळता बाहेर पडलेलं पेट्रोल, ते ३१ पीपीएम (दहा लाखात ३१ भाग) आणि मर्यादा २०० ची. म्हणजे धुरात नाव ठेवायला जागा नाही. मग फेल कामून? तर खाली अजून एक आकडा होता, लॅम्डा १.०९. तो ०.९७ ते १.०३ च्या मधेच पाहिजे. पोराला वाटलं मशीन खराबय, पीयूसीवाल्याला वाटलं गाडी खराबय, आणि माझी गाडी घरी होती म्हणून मला दोघांचंही ऐकायला वेळ होता.

लॅम्डा म्हणजे काही अवघड नाही. एक किलो पेट्रोल पुरतं जाळायला साधारण १४.७ किलो हवा लागते. बरोब्बर तेवढी दिली तर लॅम्डा १. हवा जास्त झाली की आकडा १ च्या वर, पेट्रोल जास्त झालं की खाली. गाडीतला ईसीयू, म्हणजे इंजिनचा कंप्युटर, एक्झॉस्टमधल्या (धुराच्या पाइपातल्या) ऑक्सिजन सेन्सरकडं बघत बघत सेकंदाला कितीतरी वेळा पेट्रोल कमीजास्त करतो आणि हा आकडा १ च्या आसपास धरून ठेवतो, आणि हे सगळं बिनबोभाट चालतं. पीयूसीचं मशीन मात्र सेन्सरला काही विचारत नाही, ते मागच्या पाइपात फूटभर नळी घालून वायू ओढतं, त्यातला सीओ, हायड्रोकार्बन, कार्बन डायऑक्साईड आणि ऑक्सिजन मोजतं आणि त्यावरून लॅम्डा काढतं. म्हणजे १.०९ चा अर्थ इतकाच की पाइपाच्या तोंडाशी ऑक्सिजन पाहिजे त्यापेक्षा जास्त आहे. तो इंजिनातूनच आला का वाटेत कुठून घुसला, हे त्या आकड्याला माहीत नसतं.

वाटेत घुसला? पोरगा म्हणला मामा पाइपात तर प्रेशर असतंय, आतलं बाहेर येईल, बाहेरचं आत कसं जाईल. प्रश्न बरोबर होता. पण एक्झॉस्टमधून गॅस नळाच्या पाण्यासारखा सलग वाहत नाही, तो धक्क्या-धक्क्यानं येतो. लॅम्डाची टेस्ट २५०० आरपीएमच्या आसपास घेतात, चार सिलिंडरच्या इंजिनात दर फेऱ्याला दोन धक्के, म्हणजे मिनिटाला ५००० आणि सेकंदाला ८३ च्या आसपास. प्रत्येक धक्का पुढं निघून गेला की त्याच्या मागं क्षणभर दाब कमी होतो. उसाचा ट्रक जोरात गेला की रस्त्यावरचं पाचट त्याच्या मागं ओढत जातं ना, तसंच. त्या क्षणाला जोडात बारीक फट असली की बाहेरची हवा आत खेचली जाते.

म्हणून दुसऱ्या दिवशी ओळखीच्या गॅरेजवर गेलो. तिथल्या मिस्त्रीनं काही स्कॅनर वगैरे काढला नाही, गाडी थंड होती तोवरच एका वाटीत कपड्याच्या साबणाचा फेस केला, पोराला गाडी चालू करून मागच्या पाइपाच्या तोंडावर ओला फडका दाबून धरायला लावला (गरम गाडीवर हे करू नका, हात भाजेल) आणि स्वतः खाली झोपून जोडांवर फेस लावत गेला. कॅटच्या, म्हणजे धूर साफ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या, जोडाला काही नाही. मधल्या जोडाला काही नाही. नवीन सायलेन्सर जिथं वेल्डिंग करून बसवला होता तिथं मात्र बुडबुडे, असे फसाफसा की पोराचं तोंड बघण्यासारखं झालं. वेल्डिंग अर्धंच भरलं होतं, वरच्या बाजूला, जिथं खालून बघणाऱ्याची नजर जात नाही. परत वेल्डिंग केलं, गाडी जरा बीड बायपासला फिरवून गरम केली आणि पीयूसीला नेली. लॅम्डा १.०१. सीओ थोडा वाढला, ०.०५ झाला! पोराला कळेना की दुरुस्ती केली तर सीओ वाढला कसा. अरे, आधी बाहेरची हवा मिसळून तो पातळ झाला होता, दुधात पाणी घातल्यावर फॅट कमी लागते तसा. लॅम्डा मोजायचा एक फायदा हाच की हवा मिसळून धूर चांगला दाखवायला गेलं की लॅम्डा चुगली करतो.

ही फट पुढच्या ऑक्सिजन सेन्सरच्या आधी असती तर जास्त वाईट झालं असतं. सेन्सरला ज्यादा ऑक्सिजन दिसला असता, ईसीयूनं समजलं असतं पेट्रोल कमी पडायलंय, आणि विनाकारण पेट्रोल वाढवत बसला असता. मायलेज गेलं, आणि ते जास्तीचं पेट्रोल कॅटमध्ये जाऊन जळायला लागलं की कॅटपण गेला.

पासचा कागद हातात आला तसा पोराचा पुढचा प्रश्न. "मग कॅटच काढून टाकला तर? गॅरेजवाला म्हणत होता अजून फ्री होईल." हा सल्ला आपल्याकडं फुकट मिळतो आणि कापलेला कॅट गॅरेजवाला ठेवून घेतो, कारण त्यात प्लॅटिनम, पॅलेडियम, रोडियम असतं. असते ग्रॅममध्येच, पण भाव माहितीये ना.

कॅट म्हणजे इंजिनच्या जवळचा तो फुगीर डबा. आत सिरॅमिकचं मधमाश्यांच्या पोळ्यासारखं जाळं असतं, एका चौरस इंचात ४०० च्या आसपास भोकं, आणि त्यांच्या आतल्या अंगाला या धातूंचा पातळ थर. प्लॅटिनम-पॅलेडियम सीओचा कार्बन डायऑक्साईड करतात आणि उरलंसुरलं पेट्रोल जाळतात. रोडियम नायट्रोजन ऑक्साईड फोडून त्याचा परत साधा नायट्रोजन करतं, जो तसाही हवेत भरलेलाच आहे. ही तिन्ही कामं एकत्र व्हायला लॅम्डा १ च्या अगदी जवळ लागतो, इंजिनला तिथं धरून ठेवायची एवढी धडपड त्यासाठीच. आणि हा डबा २५०-३०० अंशाला तापल्याशिवाय काम सुरू करत नाही, म्हणून पीयूसीला थंड गाडी न्यायची नाही. चालून आल्यावर तर तो इतका तापलेला असतो की वाळक्या पाचटावर गाडी उभी केली तर पेट घेऊ शकतं, शेतावर जाणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवा. शिशाचं आणि त्याचं वाकडं, थर निकामी होतो. १९९५ ला चार महानगरांत नवीन पेट्रोल गाड्यांना कॅट सक्तीचा झाला तेव्हा तिथं आधी बिनशिशाचं पेट्रोल आणावं लागलं, बाकी देशात सगळीकडं ते पोचायला २००० साल उजाडलं.

कॅट काढला की सीओ ०.३ च्या वर जायची शक्यता भरपूर, डॅशबोर्डवर चेक इंजिनचा दिवा लागतो तो वेगळाच, कारण कॅटच्या मागं दुसरा सेन्सर बसलेला असतो. दिव्याला गंडवायचे जुगाड मिळतात बाजारात. त्यांनी दिवा विझतो, धूर आहे तसाच राहतो.

पण मला जे खरं खटकतं ते वेगळंय. पीयूसीच्या त्या मशीनमध्ये नायट्रोजन ऑक्साईड मोजतच नाहीत. हा वायू इंजिनवर लोड आला, आतली आग भयंकर तापली की हवेतल्याच नायट्रोजन-ऑक्सिजनपासून तयार होतो, आणि आपली गाडी टेस्टला जागेवर उभी असते. म्हणजे रोडियम काय काम करतं हे त्या कागदावरून कळायची सोयच नाही. आणि हाच वायू कडक उन्हात हायड्रोकार्बनबरोबर मिळून जमिनीलगत ओझोन तयार करतो, छातीला त्रास देणारा. एप्रिल-मेमधलं मराठवाड्याचं ऊन काय असतं ते मी तुम्हाला सांगायला नको.

डिझेलवाल्यांचं थोडं वेगळं. तिथं ॲक्सिलरेटर दाबून धूर किती काळा ते मोजतात, बीएस-४ ला मर्यादा १.६२, बीएस-६ ला ०.७. बीएस-६ मध्ये काजळी धरायला डीपीएफ असतो, तो काढून पाइप टाकला की आकडा कुठं जाईल सांगता येत नाही.

आणि पीयूसी पास झाली म्हणजे सायलेन्सर कायदेशीर झाला असं नाही बरं. कंपनीच्या मूळ स्पेसिफिकेशनशी न जुळणारे बदल करायला मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आडवं येतं, आवाजाचा नियम परत वेगळा. पीयूसी नसली तर २०१९ च्या दुरुस्तीपासून दंड १०,००० रुपयांपर्यंत.

एवढं सगळं करून ताकद किती वाढली? अशा साध्या गाडीला नुसता मागचा सायलेन्सर बदलून दोन-तीन हॉर्सपॉवर मिळाली तर नशीब, आणि पाइप गरजेपेक्षा जाड घेतला की गॅसचा वेग पडतो, ती मागून ओढायची ताकद कमी होते, मग खालच्या आरपीएमला गाडी उलट मरगळते. पोरानं हे कबूल केलं नाही. पण परत जाताना ताई पण गाडीत होती, आणि २००० आरपीएमला सेकंदाला ६७ धक्क्यांची ती घुमघुम बंद काचांच्या आत लातूरपर्यंत तिच्या कानात. मांजरसुंब्याला चहाला थांबले तेव्हा तिचा मला फोन, "डोकं उठलंय माझं, ह्याला सांग जुना बसव म्हणून." जुना सायलेन्सर माळवदावर पोत्यात गुंडाळून ठेवलेला होता, तिनंच दोनदा भंगारवाल्याला द्यायला काढला होता तो.