दुसऱ्याच्या ग्रंथात हात घालताना

आवडत्या लेखकाची पात्रं घेऊन वाचकांनी रचलेल्या नव्या कथांना आज फॅन फिक्शन म्हणतात. त्यात मूळ लेखकाशी इमान कितपत राखायचं, हा वाद मात्र आपल्याकडे एकनाथांच्या पैठणाइतका जुना आहे.

ज्ञानेश्वरी १२९० मध्ये सिद्ध झाली. पुढच्या तीनशे वर्षांत नकला करणाऱ्यांनी तिच्यात पाठभेद आणि पदरच्या ओव्या घुसडल्या. बहुतेकांनी त्या भक्तीपोटीच घातल्या असणार. चाहत्यांचा उपद्रव असाच असतो. एकनाथांनी १५८४ मध्ये (शके १५०६) निरनिराळ्या प्रती ताडून पोथी शुद्ध केली आणि शेवटी बजावलं, की ज्ञानेश्वरीच्या पाठात जो स्वतःची ओवी घालील, त्यानं अमृताच्या ताटात नरोटी (करवंटी) ठेवली असं समजावं.

याच एकनाथांनी भावार्थ रामायण लिहिताना मात्र मोकळा हात ठेवला. वाल्मीकींच्या कथेत अध्यात्म रामायण आणि इतर ग्रंथांतलं साहित्य मिसळलं, प्रसंग फुलवले, निरूपण घातलं. यात मला विसंगती दिसत नाही. ज्ञानेश्वरीची पोथी ज्ञानदेवांच्या नावानं वाचली जाणार होती. भावार्थ रामायण एकनाथांच्या नावानं. वाल्मीकींच्या तोंडी कुणी काही घालत नव्हतं.

पण ते रामायण अपुरं राहिलं. युद्धकांडाचे ४४ अध्याय झाले आणि १५९९ मध्ये नाथांनी देह ठेवला. उरलेला ग्रंथ त्यांचा शिष्य गावबा यानं पुरा केला. पुरणपोळीच्या लोभानं नाथांच्या घरी राहिलेला हा मुलगा. ग्रंथ तोच पुरा करील, असं नाथांनीच सांगितलं होतं, अशी आख्यायिका आहे. तिच्यातलं खरंखोटं बाजूला ठेवू. नाथांची ओवी, नाथांची निरूपणाची रीत आणि अध्यायाअखेरची ‘एका जनार्दना’ ही नाथांच्या नावाची मुद्रासुद्धा त्यानं तशीच चालवली. स्वतःला त्यानं जवळपास पुसूनच टाकलं.

गुरुपरंपरेत याला निष्ठा म्हणत. आज कुणी दिवंगत कादंबरीकाराच्या नावावर शेवटची प्रकरणं लिहून खपवली, तर त्याला बनावटगिरी म्हणतील. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं कॉपीराइट टिकतो, तेव्हा तोवर वारसांचीही परवानगी लागेल. म्हणून आजचा इमानी चाहता नेमकं गावबाच्या उलट करतो: पात्रं कुणाची ते आधी सांगतो आणि कथेखाली नाव स्वतःचं घालतो, भले ते टोपणनाव का असेना.