शेततळ्याचा काठ वेगळा, घरामागच्या तळ्याचा काठ वेगळा

आपल्याकडे खानदेशात जेसीबीवाल्याला "तळं खोदायचंय" म्हटलं की तो शेततळंच खोदून देतो. त्याचा दोष नाही म्हणा, २०१६ ला सरकारची 'मागेल त्याला शेततळे' योजना आली तेव्हापासून त्याचा हात त्याच मापावर बसलाय, चारी बाजूंनी सारखा उतार, निघालेली माती कडेला, वरून प्लास्टिक, झालं. पण घरामागे दहा-बारा फुटांचं तळं करायचं, त्यात कुमुदिनी लावायची, चार मासे सोडायचे, संध्याकाळी काठावर बसायचं, तर हा काठ चालत नाही. दिसायला दोन्ही खड्डेच आणि दोन्हीत प्लास्टिकच, म्हणून लोकांची गल्लत होते.

आधी शेततळ्याचं बघू. त्याचं काम एकच, पाणी साठवायचं आणि उन्हाळ्यात केळीला किंवा लिंबूला द्यायचं. ३० बाय ३० मीटर, खोली ३ मीटर, उतार १:१, म्हणजे जेवढं खाली तेवढंच आत. तळाशी २४ बाय २४ उरतं आणि पाणी मावतं साधारण २२ लाख लिटर. काळी भारी जमीन असली तर जाणकार लोक उतार १.५:१ धरतात, म्हणजे एक मीटर खाली तर दीड मीटर आत, कारण ओली काळी माती ४५ अंशावर टिकत नाही, घसरते. खोदलेल्या मातीचा चारी बाजूंनी बांध चढवायचा, धुमसानं (माती ठोकायच्या जड ठोकण्यानं) दाबायचा, प्लास्टिक बांधावरून पलीकडे नेऊन चरात पुरायचं. ह्या काठावर कोणी बसणार नाही, उतरणार तर नाहीच, उलट कोणी जवळ येऊ नये म्हणून कुंपण घालायचं. ओलं प्लास्टिक इतकं निसरडं असतं की पोहता येणारा माणूससुद्धा वर चढू शकत नाही, म्हणून दोर आणि ट्यूब सोडून ठेवतात, ठेवायलाच पाहिजे.

आता हाच उतार छोटा करून घरामागे आणा. १२ बाय ८ फुटांचं तळं, खोली ३ फूट, उतार १:१. तळाशी किती उरलं? ६ बाय २ फूट. खोली ४ फूट केली तर तळच उरत नाही, नुसती घडी होते. पाणी बसतं जेमतेम चार हजार लिटर. आणि त्याच १२ बाय ८ मध्ये भिंती जवळजवळ उभ्या ठेवल्या, एक फूट खाली गेल्यावर चारी बाजूंनी फूटभर रुंद पायरी सोडली आणि तिथून अजून दोन फूट खाली गेलात तर सहा हजारांच्या आसपास बसतं (भिंती थोड्या कलत्या असणार, त्यामुळे थोडं कमी धरा). जागा तीच, खोलीही तीच. भुसावळ-जळगावचा ४५ अंशाचा मे महिना काढायचा असेल तर हे खोलवरचं पाणीच मासे वाचवतं, वरचं पाणी दुपारी नुसतं गरम झालेलं असतं.

पायरीचा दुसरा उपयोग झाडांचा. अळू, कर्दळ, ब्राह्मी ह्यांना मुळाशी पाणी हवं पण बुडायला नको, त्या कुंड्या पायरीवर बसतात. १:१ उतारावर कुंडी ठेवून बघा, सरकत तळाला जाते. पायरी मात्र लेव्हलमध्ये काढा. मागच्या बाजूला खोलगट राहिली तर पाणी उतरल्यावर तिथे वेगळं डबकं साचतं, गप्पी मासे त्या डबक्यात पोचत नाहीत आणि डासांची सोय तुम्हीच करून दिलेली असते.

मग सगळीकडून पसरट काठ का नको, ते फोटोत दाखवतात तसा, हळूहळू पाण्यात उतरत जाणारा, गोटे पसरलेला? दिसतो छानच. पण हिशोब करा. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे उघड्या पाण्याचं दिवसाला एक सेंटीमीटर किंवा जास्तच बाष्प होतं. दहा दिवस पाणी भरलं नाही की दहा सेंटीमीटर उतरलंच समजा. उभ्या काठावर त्याची दहा सेंटीमीटरची पट्टी दिसेल, ३:१ च्या पसरट उतारावर (एक फूट खाली तर तीन फूट आत) तेवढ्याच पाण्यात फूटभर रुंद काठ उघडा पडतो, चारी बाजूंनी. पावसाच्या मुलखात, कोकणात वगैरे, तो काठ शोभतो, खानदेशात उन्हाळाभर नुसतं प्लास्टिक आणि वाळलेलं शेवाळ बघत बसाल. माझं मत विचाराल तर एकच बाजू पसरट करा, हातभर रुंदीची, दगड-गोटे टाकून, पक्ष्यांना पाणी प्यायला आणि खार, सरडा, बेडूक पडलाच तर वर यायला. बाकी तीन बाजू पायरीच्या. घरात लहान पोरं असतील तर मात्र पायरी आहे म्हणून निर्धास्त राहू नका, फूटभर पाणीही लहान पोराला बुडायला पुरतं, जाळी किंवा कुंपण करा.

खरी गडबड होते ती मातीत. शेततळ्याला निघालेली माती कडेलाच चढवायची असते, म्हणून घरीही जेसीबीवाला तेच करतो, आणि मग त्या भुसभुशीत ढिगावर आपण हौसेनं दगड रचतो. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते, हात जाईल एवढ्या भेगा पडतात. शेततळ्याचा बांध दोन बोटं खचला तरी कोणाला कळत नाही कारण पाणी बांधापासून बरंच खाली असतं. घरच्या तळ्यात पाणी काठाला टेकलेलं असतं, एक बाजू इंचभर खचली की तिकडून पाणी वाहतं आणि समोरच्या बाजूला इंचभर प्लास्टिक कायमचं दिसत राहतं. म्हणून काठ न हललेल्या मूळ जमिनीवरच ठेवायचा, निघालेली माती बागेत दुसरीकडे टाकायची, आणि कुठे भर द्यावीच लागली तर मुरूम टाकून, पाणी मारून, धुमसानं ठोकून. लेव्हल डोळ्यानं बघू नका, गवंड्याकडची पारदर्शक नळी घ्या, पाणी भरा आणि चारी कोपरे तपासा, वीस मिनिटांचं काम आहे.

खोदायची वेळही बघा. मे महिन्यात खोदलं तर दगडासारखी ढेकळं निघतात आणि पायरीची धार तुटून जाते, पावसाळ्यात चिखल. दिवाळीच्या आसपास जमीन वापशावर असते, म्हणजे ना चिखल ना कोरडी, तेव्हा फावड्यानं वडी पडावी तशी पायरी कापता येते. जेसीबी मधल्या खड्ड्यापुरता लावा, पायऱ्या हातानंच.

प्लास्टिकमध्येही फरक आहे. शेततळ्याचं ५०० मायक्रॉनचं कापड मजबूत असतं, उन्हालाही टिकतं, पण ताठ असतं, पायरीच्या कोपऱ्यात नीट बसत नाही, घड्या पडतात आणि घडीखाली पोकळी राहते. ईपीडीएम रबरशीट मऊ असते, पायरीवर बरोबर बसते, महाग पडते. शेतातलं उरलेलं कापडच वापरायचं असेल तर तळ्याचा आकार सरळ चौकोनी ठेवा, उगाच किडनीचा आकार नको. माप काढताना लांबीत दोनदा खोली आणि वर दोन फूट धरा, रुंदीलाही तसंच. म्हणजे आपल्या १२ बाय ८ ला २० बाय १६ चं कापड. खाली जुनी गोधडी किंवा गोणपाट टाकतात, पण त्याला उधई लागते, जिओटेक्स्टाइल (न कुजणारं जाड कृत्रिम कापड) मिळालं तर तेच टाका.

आणि कापडाची कड! शेततळ्यात ती बांधापलीकडे नेऊन मातीत पुरतात, तिथे ते बरोबरच आहे. घरी तसं केलं आणि वरची माती किंवा लॉन पाण्यात टेकली की ती माती वातीसारखी पाणी ओढत राहते, आपण समजतो प्लास्टिक फाटलं, आणि भोक शोधत सगळं तळं रिकामं करतो. पाण्याच्या पातळीच्या थोडं खाली, दगडाच्या उंचीप्रमाणे चार-सहा इंच, एक छोटी खाच ठेवा, दगड त्या खाचेत बसवा, कापड दगडाच्या मागून सरळ उभं वर आणा आणि त्याच्या मागे माती. पाणी दगडाला लागतं, मातीला लागत नाही, प्लास्टिकही दिसत नाही.

झाडं लावताना काठाबाहेर वाळा चालेल, त्याची मुळं सरळ खाली जातात आणि माती धरून ठेवतात. पाणकणीस आणि बांबू जवळ नको, त्यांचे टोकदार कोंब कापडातून आरपार निघतात.

राहिला पावसाळा. काठ आजूबाजूच्या जमिनीपेक्षा तीन-चार इंच वर हवा, नाहीतर जुलैच्या पहिल्या मोठ्या पावसात अंगणातली सगळी काळी माती तळ्यात. जास्तीचं पाणी जायला एका बाजूला दोन इंची पाइप टाका, तोंडाला जाळी लावा म्हणजे मासे जात नाहीत, आणि दुसरं टोक केळीच्या आळ्यात सोडा. जागा सखल असेल आणि पावसाळ्यात तिथे जमिनीतच पाणी वर येत असेल तर कापड खालून फुगतं, मग तिथे तळं न करता थोडी उंचावरची जागा बघा.