स्थलांतरित कामगार, गोव्यातील : हक्क व न्यायप्राप्ती

अन्य राज्यांतून मजुरीसाठी गोव्यात आलेल्या कामगारांना वेतन, निवारा, सुरक्षितता व नुकसानभरपाई यांबाबत कायद्याने दिलेले हक्क आणि ते पदरात पाडून घेण्याची व्यवस्था. बांधकाम, मासेमारी, हॉटेले आणि औद्योगिक वसाहती येथे हा कामगार प्रामुख्याने आढळतो. बोलीत त्याला ‘घाटी’ किंवा ‘भायलो’ म्हणतात. ‘घाटी’ म्हणजे मुळात सह्याद्रीपलीकडच्या मुलखातला. आज मात्र ज्याच्या गावी टेकडीही नाही अशा बिहारी गवंड्यालाही हाच शब्द चिकटतो, आणि तो बहुतेक वेळा हिणवण्यासाठीच वापरला जातो.

या स्थलांतराचा प्रारंभ कोठे धरावा याविषयी दोन मते आहेत. काही जण तो १८८० च्या दशकातील मुरगाव बंदर व लोहमार्गाच्या बांधणीपर्यंत मागे नेतात. इतर तो साधारणतः १९५० नंतरच्या लोहखनिज-व्यवसायापासून मोजतात. लोहमार्गावरील टोळ्या काम संपताच पांगणाऱ्या होत्या हे ध्यानात घेता दुसरे मत अधिक सयुक्तिक वाटते. १९६१ च्या मुक्तीनंतर हा ओघ बांधकामाकडे वळला.

कायद्याच्या दृष्टीने कळीचा प्रश्न व्याख्येचा आहे. आंतरराज्य स्थलांतरित कामगार अधिनियम, १९७९ याचे मूळ ओडिशातील ‘दादन’ पद्धतीत, म्हणजे उचल देऊन मजूर परराज्यात नेण्याच्या प्रथेत होते. त्यामुळे एका राज्यात कंत्राटदाराने भरती करून दुसऱ्या राज्यातील आस्थापनेत कामाला लावलेला, तोच त्याच्या लेखी स्थलांतरित. अशा कामगाराला छायाचित्रासह पासबुक, मासिक वेतनाच्या निम्मा किंवा ७५ रुपये यांपैकी जास्त असेल तो विस्थापन भत्ता, येण्याजाण्याचे भाडे, निवास व औषधोपचार देणे बंधनकारक होते. कंत्राटदाराने वेतन चुकवले तर ते मूळ मालकाने भरायचे. गोव्यात मात्र भावाच्या किंवा गाववाल्याच्या ओळखीने येऊन म्हापसा, मडगाव येथील नाक्यांवर उभा राहणारा बिगारी या चौकटीत बसतच नसे. त्याला कोणी ‘आणले’ नव्हते. तो आला होता.

व्यावसायिक सुरक्षितता, आरोग्य व कार्यस्थिती संहिता, २०२० हिने स्वतःहून आलेल्याचाही व्याख्येत समावेश केला. ही संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली. तिने एका हाताने दिले आणि दुसऱ्या हाताने काही काढून घेतले : जुना कायदा पाच स्थलांतरितांच्या आस्थापनेला लागू होता, आता दहा लागतात, वेतनाची मर्यादा दरमहा १८,००० रुपये आहे, विस्थापन भत्ता गेला, प्रवासभाडे राहिले. दोडामार्ग, बांदा येथून रोज दुचाकीने गोव्यातील कारखान्यांत येऊन रात्री घरी परतणाऱ्या सिंधुदुर्गातील मराठी कामगारालाही राज्याची सीमा ओलांडल्यामुळे या व्याख्येचा आधार घेता येऊ शकेल. २०२० च्या टाळेबंदीत पत्रादेवीची सीमा बंद झाली, तेव्हा रोज ये-जा करणाराही परराज्यातलाच ठरला.

वेतनाच्या वादात अडते ते पुराव्यावर. मुकादमाच्या खिशातील डायरीत एका पानावर हजेरीच्या उभ्या रेघा, खाड्याची फुली आणि खाली ‘उचल’ म्हणून वजा केलेले आकडे असतात. डायरी मुकादमाची, सही कोणाचीच नाही. किमान वेतन कायद्याखाली दाव्याची मुदत सहा महिने होती. वेतन संहितेने ती तीन वर्षांवर नेली, ही सुधारणा मोठी मानावी लागेल. किमान वेतनापेक्षा कमी देणे म्हणजे संविधानाच्या अनुच्छेद २३ मधील सक्तीची मजुरी होय, असे सर्वोच्च न्यायालयाने एशियाड बांधकाम-कामगारांच्या प्रकरणात १९८२ मध्येच ठरवले होते. त्या याचिकेचा उगम न्यायमूर्तींना लिहिलेल्या एका पत्रात होता.

अपघातभरपाईची बाजू त्यामानाने भक्कम आहे. मृत्यू झाल्यास मासिक वेतनाचा निम्मा भाग वयानुसार ठरलेल्या गुणकाने गुणतात. पंचविसाव्या वर्षी हा गुणक २१६.९१ आहे, वेतन १५,००० रुपये धरल्यास भरपाई १६,२६,८२५ रुपये होते. १९९५ च्या दुरुस्तीमुळे वारसांना आपल्या राहत्या गावच्या आयुक्ताकडे दावा करता येऊ लागला व ही सोय सामाजिक सुरक्षा संहितेतही टिकली आहे. कलबुर्गीच्या विधवेला तारखेसाठी पणजीची वारी करावी लागू नये, एवढा त्याचा साधा अर्थ. ४ जानेवारी २०१४ रोजी काणकोण येथे बांधकाम चालू असलेली इमारत कोसळून ३१ जण मृत्युमुखी पडले. मृतांत परप्रांतीय मजूर मोठ्या संख्येने होते. बांधकाम-कामगार कल्याण मंडळाचे लाभ नोंदणीवर अवलंबून असतात आणि नोंदणीसाठी वर्षात ९० दिवस काम केल्याचा दाखला लागतो. नाक्यावर रोज मालक बदलणाऱ्याला तो मिळवणे जिकिरीचे जाते.

तक्रार कामगार आयुक्तालयाकडे करता येते. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ च्या कलम १२ नुसार स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातींचे लोक, वेठबिगारीचे बळी व औद्योगिक कामगार यांना मोफत वकील मिळतो. राजभाषा कोकणी, शासकीय कामी मराठीलाही मान्यता, कागदपत्रे बहुधा इंग्रजीत आणि तक्रारदार कन्नड किंवा उडिया बोलणारा. त्यामुळे दुभाष्याचे काम अनेकदा मुकादमच करतो, म्हणजे ज्याच्याविरुद्ध तक्रार तोच.

निवाऱ्याच्या हक्काचा न्यायालयीन इतिहास त्रोटक आहे. वास्को येथील बायणा ही बहुतांशी स्थलांतरितांची वस्ती उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर जून २००४ मध्ये पाडण्यात आली.

ट्रॉलरवरील खलाशी १ जून ते ३१ जुलै या मासेमारी-बंदीत गावी जातात व ऑगस्टमध्ये परततात. हंगामात त्यांचे राहणे, जेवणे, झोपणे बोटीवरच. २०२४ मध्ये सासष्टी तालुक्यातील कुटबण जेटीवर कॉलऱ्याने काही खलाशी दगावले, तेव्हा शौचालये व पिण्याच्या पाण्याचा प्रश्न ऐरणीवर आला. याच सासष्टीतून परदेशी जहाजांवर जाणाऱ्या गोमंतकीय तारवट्याची स्थिती निराळी आहे. भारताने २०१५ मध्ये स्वीकारलेल्या सागरी श्रम करारानुसार जहाजमालकाने वाऱ्यावर सोडल्यास त्याचे चार महिन्यांपर्यंतचे थकीत वेतन विम्यातून मिळू शकते. मासेमारी नौका या कराराच्या कक्षेबाहेर आहेत. त्यांच्यासाठी २००७ साली झालेला स्वतंत्र करार भारताने स्वीकारलेला नाही.