जेक टर्की: पब्लिक लँडवर मारायचा की सोडायचा

जेक म्हणजे रानटर्कीचा साधारण वर्षभराचा नर, गेल्या उन्हाळ्यात अंड्यातून निघालेला आणि यंदाच्या वसंतात पहिल्यांदाच नरांच्या खेळात उतरलेला. दोन वर्षांच्या पुढच्या नराला टॉम किंवा गॉब्लर म्हणतात. अमेरिकेत वसंताचा टर्की सीझन मुख्यतः नरांसाठीच असतो आणि बऱ्याच राज्यांत नियम एवढाच की पक्ष्याला दाढी पाहिजे, म्हणजे छातीवर लोंबणारा तो काळा केसाळ झुपका. जेकला ती असते, आखूड का होईना, त्यामुळे कायद्याने तो चालतो. पण चालतो म्हणून मारायचा का, हा वाद तिथल्या शिकाऱ्यांत दर वसंतात होतो, आणि नॅशनल फॉरेस्ट किंवा राज्याच्या वाइल्डलाइफ मॅनेजमेंट एरियासारख्या पब्लिक जमिनीवर तर जास्तच, कारण तिथे लायसन असलेला कुणीही येऊ शकतो आणि आज सोडलेला पक्षी उद्या दुसऱ्याच कुणाच्या तरी समोर येऊ शकतो.

ओळखायचा कसा ते आधी. जेकची दाढी साधारण चार-पाच इंचांच्या आतच असते, मोठ्या नराची आठ-दहा इंच आणि कधी त्याहूनही जास्त. पायाच्या मागचा काटा जेकचा नुसता बोंडासारखा, अर्ध्या इंचाच्याही आत. पण पहाटेच्या अंधुक उजेडात, गुडघाभर गवतात दाढी नि काटा दिसणं मुश्किल, म्हणून पिसारा बघायचा. मोठ्या नराचा पिसारा फुलला की वरची कड एकसारखी गोल येते, जेकचा फुलला की मधली काही पिसं बाकीच्यांपेक्षा वर आलेली दिसतात, कारण शेपटीची पिसं बदलताना मधली आधी बदलतात आणि बाजूची जुनी आखूडच राहिलेली असतात. आवाजही तुटक, अर्ध्यात मोडणारा. शिवाय जेक एकटा सहसा नसतो, तीन-चार जणांची टोळी पळत पळत येते, डिकॉयभोवती, म्हणजे शिकाऱ्याने मांडलेल्या नकली टर्कीभोवती, धिंगाणा घालते आणि कधीकधी सगळे मिळून एखाद्या मोठ्या टॉमलाही हुसकावून लावतात. ज्यांनी सकाळभर मादीचा आवाज काढून एका टॉमला बोलावत आणलेलं असतं त्यांचा तेव्हा जाम संताप होतो, आणि बरेच जेक त्या संतापातच मारले जातात.

सोडा म्हणणाऱ्यांचं म्हणणं सरळ आहे. आजचा जेक म्हणजे पुढच्या वर्षीचा दोन वर्षांचा गॉब्लर, आणि दोन वर्षांचे नरच सगळ्यात जास्त ओरडतात आणि हाकेला सगळ्यात लवकर येतात. टर्कीची मादी दहा-बारा अंडी घालते, साधारण 28 दिवस जमिनीवरच बसून उबवते, रॅकून, पोसम, साप, कोल्हे सगळे टपलेले असतात, बरीच घरटी बुडतात, आणि जी पिल्लं निघतात त्यातली निम्म्याहून जास्त पहिल्या काही आठवड्यांतच जातात, कारण उडून झाडावर बसता येईपर्यंत त्यांना जमिनीवरच रात्र काढावी लागते. एवढ्यातून वाचून जो नर वसंतापर्यंत पोचला तो सहज मिळालेला नाही. त्यात सीझन काही आठवड्यांचाच असतो, तो एकदा पार झाला की जेकला बंदुकीचा धोका बराच कमी, काही राज्यांत पानगळीत पुन्हा शिकार असते तेवढी सोडली तर.

दुसरी बाजूही ऐकण्यासारखी आहे, ती नुसती हावरट लोकांची नाही. जेक शरीराने प्रजननाला तयार असला तरी मोठे नर त्याला माद्यांजवळ फिरकू देत नाहीत, म्हणून त्या वर्षीच्या वीणीवर एक जेक गेल्याने फारसा फरक पडत नाही. उलट सीझनच्या सुरुवातीलाच त्या भागातला दादा नर मारला तर माद्यांचं जुळणं लांबतं की काय ही शंका संशोधकांना आहे. जॉर्जिया राज्याने 2022 पासून सीझन उशिरा सुरू केला, आणि पब्लिक जमिनीवर तर खाजगीपेक्षाही आठवडाभर उशिरा, ते नरांना जरा वेळ मिळावा म्हणूनच. मांस म्हणाल तर जेकचं जास्त लुसलुशीत असतं हेही खरंय.

काही राज्यांनी हा निर्णय शिकाऱ्यावर सोडलेलाच नाही. मिसिसिपीत 1998 पासून मोठा नर किंवा निदान सहा इंच दाढीचाच नर मारता येतो, फक्त 15 वर्षांपर्यंतच्या मुलांना एका जेकची सूट आहे. आर्कान्सातही मोठ्या माणसांना जेक बंद. पब्लिक जमिनीसाठी हाच मार्ग मला जास्त पटतो, कारण खाजगी रानाचा मालक ठरवू शकतो की यंदा जेक नाही, पण पब्लिक रानात एकट्याने सोडलेला जेक बाकीच्यांच्या मर्जीवर असतो. म्हणूनच तिथे "मी नाही मारला तर दुसरा मारेल" हे कायम ऐकू येतं. ते अर्धंच खरंय. प्रत्येक जेक प्रत्येक शिकाऱ्यासमोर येत नाही, बऱ्याच शिकाऱ्यांचा नेम हुकतो, बरेच जण रान सोडून जातात, आणि त्या धावपळीत काही जेक वाचतातच.

मग नियम मोकळा असेल तिथे बघायचं काय, तर त्या रानात गेल्या उन्हाळ्यात पिल्लं किती वाचली. बरीच राज्यं उन्हाळ्यात माद्यांमागची पिल्लं मोजून आकडे काढतात, ते वाचावेत. जेकच्या टोळ्या ठिकठिकाणी दिसत असतील तर वीण चांगली झालीय, एखादा गेला तर रान रिकामं होत नाही. पण आठवडाभर फिरून एकच जेक दिसला, मोठ्यांचा आवाजच नाही, गाडीतळ रोज भरलेला, तर तो एक सोडायलाच हवा. हा फरक न करता सरसकट "जेक मारणारा तो शिकारीच नाही" म्हणणं चूक आहे, आणि पहिल्यांदा टॅग, म्हणजे मारलेल्या पक्ष्याला लावायची परवाना-चिठ्ठी, लावणाऱ्या पोराला किंवा नवख्या माणसाला त्यावरून हिणवणं तर फारच वाईट, कारण विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जवळपास संपत आलेली रानटर्की जाळ्यात पकडून नव्या रानांत सोडायचं जे प्रचंड काम झालं त्याचा पैसा बराचसा शिकाऱ्यांच्या लायसनमधून आणि 1937 च्या कायद्याने वन्यजीवांसाठी राखून ठेवलेल्या बंदूक-काडतुसांवरच्या करातूनच आला. भारतात 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली शिकार बंद, त्यामुळे आपल्याकडच्या वाचकाला हे उलटं वाटू शकतं, पण तिथे तसं घडलंय.

पब्लिक रानात अजून एक गोष्ट जेकच्या वयाच्याही आधी येते. टर्की नराचं डोकं लाल, पांढरं, निळं असतं, म्हणून ते रंग अंगावर घालायचे नाहीत, आणि झाडीत तसा रंग हलला म्हणून छर्रे सोडायचे नाहीत, पलीकडे दुसरा शिकारी बसलेला असू शकतो. जेक आहे की टॉम हे ठरवायला जो पिसारा, दाढी नीट दिसेपर्यंत थांबतो त्याच्या हातून माणसावर गोळी जायची शक्यताही आपोआप कमी होते.