घर कोकणात, माणूस मुंबईत: किनाऱ्यावरच्या गावाचे आकडे कसे वाचावेत

२०११ च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्यात ७,६१,१२१ पुरुष आणि ८,५३,९४८ स्त्रिया मोजल्या गेल्या. स्त्रिया पुरुषांपेक्षा ९२,८२७ ने जास्त, म्हणजे दर हजार पुरुषांमागे १,१२२ स्त्रिया. त्याच वेळी महाराष्ट्राची सरासरी ९२९ होती. हा आकडा पाहून कोकणात मुलींचं स्वागत जास्त होतं असा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो, पण तो चुकीचा ठरेल. शून्य ते सहा वयोगटात याच जिल्ह्यात दर हजार मुलग्यांमागे मुली हजाराहून बऱ्याच कमी आहेत. म्हणजे फरक जन्मातून आलेला नाही. तो पडतो वयात आल्यावर, जेव्हा पुरुष मुंबई-ठाण्याची गाडी धरतो. हिशोबाची दुसरी बाजू मुंबई शहर जिल्ह्यात सापडते. तिथे दर हजार पुरुषांमागे फक्त ८३२ स्त्रिया होत्या. मुंबईत देशभरातून माणसं येतात, त्यामुळे ही सगळी तूट कोकणाच्या नावावर टाकता येत नाही, पण चाकरमानी तिच्यात आहे हे निश्चित.

किनाऱ्यावरच्या गावाची आकडेवारी वाचताना हीच गोष्ट आधी मनात पक्की करावी लागते. इथे घर एका ठिकाणी मोजलं जातं, माणूस दुसऱ्या ठिकाणी आणि त्याची कमाई तिसऱ्याच खात्यात. तिन्ही आकडे आपापल्या नियमाने बरोबर असतात, पण एकमेकांशेजारी ठेवले की चुकीचं चित्र तयार होतं.

आधी माणसांचं पाहू. जनगणनेत माणूस त्याच्या मूळ गावी मोजत नाहीत. तो नेहमी जिथे राहतो तिथे मोजतात. २०११ ची मोजणी ९ ते २८ फेब्रुवारीत झाली आणि २८ फेब्रुवारी संपून १ मार्च सुरू होतानाची मध्यरात्र हा संदर्भक्षण धरला, म्हणजे आकडा त्या क्षणाचा मानतात. त्या पूर्ण काळात गावाबाहेर असलेला माणूस गावच्या यादीत येत नाही, त्याचं नाव रेशनकार्डावर असो की मतदारयादीत. फेब्रुवारी हा कोकणातल्या गावाचा सगळ्यात रिकामा काळ. गणपतीला आलेले केव्हाच परतलेले असतात, शिमगा अजून यायचा असतो, मे महिन्याची सुट्टी तर लांबच. त्यामुळे जनगणनेचा आकडा गावाची कायम वस्ती दाखवतो, आणि शाळा, दवाखाना, रेशन यांच्या नियोजनाला तोच योग्य आहे. पाणी, कचरा, रस्ता आणि वीज यांचं नियोजन मात्र त्यावर करून चालत नाही, कारण गणपतीच्या दिवसांत नळाला तोंड लावणारी माणसं त्या आकड्यात नसतात.

२००१ ते २०११ या दहा वर्षांत रत्नागिरीची लोकसंख्या १६,९६,७७७ वरून १६,१५,०६९ वर आली, म्हणजे ४.८२ टक्क्यांनी घटली. सिंधुदुर्गाची ८,६८,८२५ वरून ८,४९,६५१ वर आली, घट २.२१ टक्के. त्याच दशकात मुंबई शहर जिल्हाही ७.५७ टक्क्यांनी घटला. तिन्ही ठिकाणी आकड्यापुढे उणे चिन्ह आहे, पण कारण एक नाही. दक्षिण मुंबईतून माणसं उपनगरांत आणि त्यापलीकडे सरकली. गिरण्या गेल्या, चाळींच्या जागी कमी कुटुंबांचे टॉवर आले, निवासी जागेची दुकानं-कार्यालयं झाली. कोकणात गेला तो थेट कमावता वयोगट. मागे राहिलेल्या वस्तीत वय जास्त असेल तर जन्म कमी होतात, मृत्यू जास्त होतात, आणि पुढच्या दशकात कोणी गाव सोडलं नाही तरी संख्या घटतच राहते. म्हणून गावाच्या एकूण संख्येपेक्षा शून्य ते सहा वयोगटाचा आकडा आधी बघावा. जनगणनेच्या प्राथमिक गोषवाऱ्यात तो प्रत्येक गावासाठी दिलेला असतो. गावपातळीवर वयाचा एवढाच एक तुकडा छापला जातो, म्हणून तो मोलाचा.

आता घरं. जनगणनेच्या भाषेत घर म्हणजे रस्त्यावरून, सामाईक अंगणातून किंवा जिन्यावरून स्वतंत्र मुख्य दार असलेली, वेगळी वापरली जाणारी जागा. कुटुंब म्हणजे एका चुलीवर जेवणारी माणसं. त्यामुळे मोठ्या चौसोपी घरात तीन भावांच्या तीन चुली असतील तर कुटुंबं तीन होतात. उलट, एकाच कुटुंबाचं जुनं कौलारू घर आणि शेजारी बांधलेला नवा स्लॅबचा बंगला ही घरं दोन होतात. गोठा, दुकान, देऊळ, शाळा हीसुद्धा जनगणनेची घरंच, फक्त त्यांच्यापुढे वापर वेगळा लिहितात. घरांच्या एकूण आकड्याला कुटुंबांच्या संख्येने भागून ‘दर कुटुंबामागे दीड घर’ असली वाक्यं लिहिली जातात, तेव्हा चूक नेमकी इथे झालेली असते. तुलना करायचीच तर राहत्या घरांची करावी.

कुलूप लावलेलं घर ही कोकणातली खरी अडचण. गणनेवर आलेल्या शिक्षकाला शेजाऱ्याला विचारून ठरवावं लागतं की माणसं बाजारात गेली आहेत, महिनाभरासाठी मुलाकडे गेली आहेत, की घर वर्षातून दोनदाच उघडतं. तिसऱ्या प्रकारचं घर रिकामं म्हणून नोंदलं जायला हवं. शेजारी मात्र अनेकदा सांगतो, “आहेत की, मुंबईक असतत.” देशभरात २०११ मध्ये सुमारे ३३ कोटी घरांपैकी जवळपास २ कोटी ४७ लाख घरं रिकामी आढळली. गोव्यात हे प्रमाण पाच घरांमागे एकाच्याही थोडं वर गेलं. घरमालक परदेशी गेलेला, घर वारसांच्या वादात अडकलेलं किंवा कुणी सुट्टीपुरतं घेतलेलं, अशी त्यामागची कारणं वेगवेगळी. रिकाम्या घरांच्या रकान्यात ही सगळी एकाच ओळीत बसतात.

रिकामी घरं एवढी असताना घरांची टंचाई कशी, असा प्रश्न नेहमी येतो. २०१२ मध्ये केंद्र सरकारच्या तांत्रिक गटाने शहरांतली टंचाई १ कोटी ८७ लाख ८० हजार घरांची काढली. तिच्यात बेघर कुटुंबं फक्त ५ लाख ३० हजार होती. जवळपास ८० टक्के टंचाई दाटीची होती, म्हणजे घर आहे, पण लग्न झालेल्या जोडप्याला वेगळी खोली नाही. वरळी, माहीम किंवा वर्सोव्याच्या कोळीवाड्यात ज्यांचं घर आहे त्यांना हे समजावून सांगावं लागत नाही. त्यांच्या घरात माणसं कोंबलेली आणि गावाकडच्या घराला कुलूप, दोन्ही एकाच वेळी खरं असतं.

घराच्या भिंतीबद्दल एक बारीक पण महत्त्वाची गोष्ट. कोकणातलं जांभ्याचं घर चुन्यात किंवा सिमेंटमध्ये बांधलेलं असेल तर ते ‘दर्जा घेतलेला दगड’ (म्हणजे सांधे चुन्याने किंवा सिमेंटने भरलेला) या रकान्यात जातं. चिखलात रचलेलं असेल तर ‘दर्जा न घेतलेला दगड’ या वेगळ्या रकान्यात. बाहेरून गिलावा असला की मोजणाऱ्याला फरक दिसत नाही. त्याने विचारलं नाही तर कच्चं घर पक्क्यात जातं. शिवाय पत्र्याचं छप्पर टिकाऊ सामानात मोजलं जातं. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं तेव्हा पत्रे आणि कौलंच आधी उडाली. म्हणून वादळाच्या तयारीसाठी यादी करताना पक्कं-कच्चं हा रकाना न वापरता भिंत आणि छप्पर यांचे दोन रकाने वेगळे काढावेत आणि पत्र्याची व कौलांची घरं स्वतंत्र मोजावीत.

उत्पन्नाकडे आलं की हातात फारच थोडं उरतं. जनगणना उत्पन्न विचारतच नाही. घरात दूरदर्शन संच, दुचाकी, मोटार, बँक खातं आहे का, एवढंच विचारते. २०११ च्या सामाजिक, आर्थिक व जातनिहाय गणनेने घरातल्या सर्वाधिक कमावत्या माणसाचं मासिक उत्पन्न तीन गटांत विचारलं: पाच हजारांखाली, पाच ते दहा हजार आणि दहा हजारांवर. देशातली सुमारे ७४.५ टक्के ग्रामीण कुटुंबं पहिल्या गटात होती. या प्रश्नाची किनाऱ्यावरची अडचण स्पष्ट आहे. सर्वाधिक कमावता माणूस मुंबईत नेहमी राहत असेल तर तो या घरचा धरला जात नाही. घरात म्हातारी आई आणि सून, कागदावर कमाई नाही. पण दर महिन्याला खात्यात पैसे येतात, पूर्वी मनीऑर्डरने येत तसे.

या कारणाने खर्चाची पाहणी उत्पन्नाच्या प्रश्नापेक्षा जास्त विश्वासाची. राष्ट्रीय नमुना पाहणीच्या २०२२-२३ च्या फेरीत ग्रामीण महाराष्ट्रात दरडोई मासिक खर्च ४,०१० रुपये आणि शहरी महाराष्ट्रात ६,६५७ रुपये निघाला. गोव्यात हेच आकडे ७,३६७ आणि ८,७३४ होते. खर्चात मुंबईहून आलेला पैसाही धरला जातो, कारण तो इथे खर्च होतो. पण ही पाहणी देशभरातल्या २,६१,७४६ कुटुंबांची. एवढ्या नमुन्यातून राज्याचा आकडा निघतो, तालुक्याचा किंवा गावाचा नाही. राज्याची सरासरी घेऊन ती गावाच्या लोकसंख्येने गुणणं हा हमखास होणारा आणि पूर्णपणे निरुपयोगी हिशोब आहे. उत्पन्नाचा थेट प्रश्न विचारण्याचे जुने प्रयत्न फसले, कारण लोकांनी सांगितलेलं उत्पन्न त्यांच्याच खर्च आणि बचतीच्या बेरजेपेक्षा कमी भरत होतं. आता २०२६ मध्ये घरगुती उत्पन्नाची देशव्यापी पाहणी करण्याचं सांख्यिकी मंत्रालयाने जाहीर केलं आहे.

मच्छीमार वस्तीत तर सरासरी फसवतेच. हिशोबापुरती दहा घरं धरा. नऊ खलाश्यांची, महिना बारा हजार. दहावं बोटीच्या मालकाचं, महिना दीड लाख. सरासरी येते २५,८००, आणि त्या रकमेजवळ एकही घर नाही. मधलं मूल्य काढलं तर बारा हजार येतं, वस्तीचं खरं चित्र तेच. दुसरी खबरदारी काळाची. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक मासेमारी बंद असते. “गेल्या महिन्यात किती मिळाले?” असं जुलैत विचारलं तर उत्तर शून्य येतं, बंदी उठल्यावर पहिल्या फेऱ्यांनंतर विचारलं तर भलतंच मोठं. पूर्ण हंगामाचं विचारावं: बोटीच्या किती फेऱ्या झाल्या, डिझेल, बर्फ आणि रेशन वजा करून तांडेलाचा (बोट चालवणाऱ्या म्होरक्याचा) आणि खलाश्याचा वाटा किती पडला. सुकी मासळी विकणाऱ्या बाईची कमाई वेगळी विचारावी, नाहीतर ती ‘घरकाम’ या उत्तरात बुडते.

जनगणनेच्या कामगार रकान्यांत मच्छीमार शोधायला गेलात तर सापडणार नाही. शेतकरी, शेतमजूर, घरगुती उद्योग आणि ‘इतर’ असे चारच गट गावपातळीवर छापले जातात. खलाशी, शिक्षक आणि बँकेतला कारकून तिघेही ‘इतर’. मच्छीमारांची वेगळी गणना केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्था करते. २०१० च्या तिच्या गणनेत महाराष्ट्रात ४५६ सागरी मच्छीमार गावं, ८१,४९२ कुटुंबं आणि ३,८६,२५९ माणसं होती. दर कुटुंबामागे ४.७ माणसं.

या सगळ्याचा कायद्याशी संबंध कुठे येतो? १८ जानेवारी २०१९ च्या किनारा नियमन क्षेत्र अधिसूचनेत. तिने ग्रामीण किनाऱ्याचे दोन भाग केले. २०११ च्या जनगणनेनुसार दर चौरस किलोमीटरला २,१६१ पेक्षा जास्त दाट वस्ती असेल तर भरतीरेषेपासून ५० मीटरपर्यंत बांधकामाला बंदी, ही सवलतसुद्धा नवा किनारा व्यवस्थापन आराखडा मंजूर झाल्यावरच. त्याहून विरळ असेल तर २०० मीटर. रत्नागिरी जिल्ह्याची घनता १९७ आणि सिंधुदुर्गाची १६३. कोळीवाड्याच्या गल्लीतून चालणाऱ्याला हे खरं वाटणार नाही.

हिशोब सोपा आहे. जिल्हा जनगणना पुस्तिकेच्या ग्राम निर्देशिकेत क्षेत्रफळ हेक्टरमध्ये असतं. लोकसंख्येला १०० ने गुणून हेक्टरने भागा. कल्पनेतलं गाव घ्या: ६४० हेक्टर, ३,२०० माणसं. घनता ५००. पण त्यातले ५०० हेक्टर डोंगर, कातळ आणि वरकस जमीन, आणि खाडीलगतच्या १६ हेक्टरांत १,९०० माणसं. त्या कोळीवाड्याची घनता ११,८७५. छेदात कोणती हद्द धरली यावर सगळं उत्तर ठरतं. आता लहान गाव घ्या: ६० हेक्टर, १,२५० माणसं, घनता २,०८३. आणखी ५० माणसं फेब्रुवारीत गावात असती तर २,१६७ झाली असती आणि रेषा ओलांडली गेली असती. मुंबईत मोजली गेलेली पन्नास माणसं अशा ठिकाणी जाणवतात.

गावाचा खरा अंदाज हवा असेल तर एका कागदावर भरवसा ठेवू नये. जनगणनेचा सहा अंकी गाव संकेतांक आधी पक्का करावा, कारण एकाच नावाची गावं शेजारच्या तालुक्यांत असतात. वाडीनिहाय आकडे छापले जात नाहीत, म्हणून ग्रामपंचायतीच्या नमुना ८ च्या कर आकारणी नोंदीतून घरं वाडीवार वेगळी करावीत. त्यापुढे वीजवापर मांडावा: ज्या मीटरवर वर्षभर नाममात्र युनिट आणि भाद्रपदात एकदम उसळी, ते चाकरमान्याचं घर. मतदारयादीतली नावं जनगणनेतल्या प्रौढांपेक्षा जास्त भरली तर गोंधळू नये, तो फरकच बाहेर राहणाऱ्यांचा अंदाज देतो. शाळेच्या पटावरून मुलांचा आकडा दरवर्षी ताजा मिळतो, फक्त शेजारच्या गावातून येणारी मुलं वजा करावी लागतात.

पुढच्या जनगणनेचा संदर्भक्षण १ मार्च २०२७ ठरला आहे, म्हणजे पुन्हा शिमग्याच्या आधी. घरयादीचं काम मात्र २०२६ च्या एप्रिल ते सप्टेंबर या काळात प्रत्येक राज्याने ठरवलेल्या तीस दिवसांतलं, आणि ते दिवस मेच्या सुट्टीत किंवा गणपतीत पडू शकतात. तसं झालं तर तेव्हा उघडी दिसणारी घरं फेब्रुवारीत बंद असतील. आणि अधिसूचनेत लिहिलेलं वर्ष २०११ आहे. नवी गणना झाली म्हणून ५० आणि २०० मीटरची रेषा आपोआप हलणार नाही, त्यासाठी अधिसूचनाच बदलावी लागेल.