प्लेग, गिरण्या आणि रोजचा पगार

सप्टेंबर 1896 मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस या गोमंतकीय डॉक्टरांनी गाठीच्या प्लेगचे निदान केले. मांडवी गोदीला लागून होती आणि तेथे धान्याच्या वखारी असल्याने उंदीर मुबलक होते. उंदरांवरील पिसवा हा रोग पसरवतात, हे फ्रेंच डॉक्टर पॉल-लुई सिमाँ यांनी 1898 मध्ये दाखवून दिले; तोवर सरकारचा सारा रोख घाणीवर होता. फेब्रुवारी 1897 मध्ये साथरोग कायदा झाला तो केवळ रयतेच्या काळजीपोटी नव्हे. युरोपीय बंदरे हिंदुस्थानी मालाला दारे बंद करतील, ही धास्तीही त्यामागे होती.

रोगाइतकीच घरझडतीची आणि सक्तीने रुग्णालयात नेले जाण्याची भीती लोकांना वाटत होती. 8 लाखांहून अधिक वस्तीच्या या शहरातून 1897 च्या आरंभापर्यंत जवळपास निम्मी माणसे कोकणात, घाटावर, मिळेल तिकडे निघून गेली आणि गिरण्यांना कामगार मिळेनासे झाले. एरवी मालक महिन्याचा पगार महिना उलटल्यावरही काही काळ हातात ठेवत, म्हणजे कामगार सहसा काम सोडून जात नसे; आता त्याच मालकांना रोजचा पगार रोज चुकता करावा लागला आणि एकमेकांचे कामगार पळवण्यासाठी जास्त मजुरीही द्यावी लागली.

कामगारांचे हे बळ टिकले नाही. चौदाव्या शतकात याच जिवाणूने युरोपातील किमान एक तृतीयांश लोकसंख्या नष्ट केली होती, आणि इंग्लंडमध्ये 1351 च्या कायद्याने मजुरी गोठवण्याचा प्रयत्न होऊनही पुढच्या काही पिढ्यांत ती वाढतच गेली, कारण मेलेल्या मजुरांची जागा घ्यायला कोणी उरले नव्हते. मुंबईतही मृत्यू हजारोंनी झाले, पण गिरण्या ओस पडल्या त्या मुख्यतः माणसे गावी गेल्यामुळे. पोटासाठी ती परतली आणि मालकांनी जुनी पगारपद्धत पुन्हा रुजवली.

शहराच्या रचनेवरील परिणाम मात्र कायमचा ठरला. शहरसुधारणेसाठी 1898 मध्ये स्थापन झालेल्या बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्टने सँडहर्स्ट रोड, प्रिन्सेस स्ट्रीट यांसारखे रुंद रस्ते काढले आणि दादर-माटुंग्याकडे नियोजित वसाहती उभारल्या. त्या प्रामुख्याने मध्यमवर्गाच्या वाट्याला आल्या. ट्रस्टने चाळीही बांधल्या, परंतु सुरुवातीच्या वर्षांत पाडलेल्या खोल्यांच्या मानाने त्या अपुऱ्या पडल्या. कामापासून दूर राहणे न परवडणारे विस्थापित मग शेजारच्या चाळींतच शिरले आणि जी दाटी मोडायची होती, ती तेथे अधिकच वाढली.